सीमेपलीकडून आलेली साथ

एखाद्या देशात समलिंगी व्यक्तींना कायदा गुन्हेगार ठरवत असेल, तर परदेशातील सहानुभूतीदारांनी त्यांच्या पाठीशी उभे कसे राहायचे, हा प्रश्न गेल्या चार-पाच दशकांत मानवी हक्कांच्या चळवळींपुढे वारंवार आला आहे. निवेदने काढणे, वकिलातीसमोर निदर्शने करणे, क्रीडास्पर्धांवर बहिष्कार घालणे, आपल्या सरकारला त्या सरकारशी बोलायला भाग पाडणे हे त्याचे परिचित मार्ग होत. त्यांच्या जोडीला हळूहळू आणखी एक मार्ग रूढ झाला, तो म्हणजे वृंदगानाचा, अर्थात अनेक गायकांनी एकत्र उभे राहून, आधी नीट बांधून घेतलेली रचना सामूहिकपणे गाण्याचा. जानेवारी २०१८ मध्ये लंडनचा ‘पिंक सिंगर्स’ हा गायकवृंद मुंबईत येऊन ‘रेनबो व्हॉइसेस मुंबई’ या गायकवृंदाबरोबर गायला, तेव्हा हा मार्ग महाराष्ट्रापर्यंत येऊन पोहोचला. हे दोन्ही वृंद एलजीबीटी समुदायाचे, म्हणजे समलिंगी स्त्रिया, समलिंगी पुरुष, उभयलिंगी आणि पारलिंगी व्यक्ती यांचे. मुंबईचा वृंद अशा प्रकारचा भारतातील पहिला मानला जातो. भारतीय दंडसंहितेचे कलम ३७७ त्या महिन्यात अजून लागू होते आणि त्यानुसार समलिंगी संबंधांना जन्मठेपेपर्यंतच्या शिक्षेची तरतूद होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या गाण्याला किती धैर्य लागले असेल याची कल्पना येते.

सामूहिक गायन मराठी माणसाला नवे नाही. शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, त्यात वृंदाचे उत्तम, मध्यम आणि कनिष्ठ असे प्रकार सांगून प्रत्येकात किती गायक-वादक असावेत हेही नोंदवले आहे. उत्तम वृंदात चार मुख्य गायक, आठ साथीचे गायक, बारा गायिका आणि त्यांना बासरी व मृदंगाची साथ अशी ती मांडणी आहे. वारकऱ्यांची दिंडी, पोवाड्यात शाहिरामागे झील धरणारे झीलकरी, सत्यशोधकी आणि आंबेडकरी जलसे यांतून सामूहिक गायनाची परंपरा पुढे वाहत राहिली. विदर्भापुरते बोलायचे तर राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीच्या तालावरचे भजन आणि सामुदायिक प्रार्थना गावोगाव नेली, आणि यवतमाळ जिल्ह्यातही गुरुदेव सेवा मंडळांच्या प्रार्थनेला संध्याकाळी एकत्र बसणारी गावे आहेत. एकत्र गाणारी माणसे एकमेकांची होतात, ही गोष्ट या मातीला कोणी नव्याने शिकवावी लागत नाही.

फरक आहे तो रचनेचा. आपल्याकडील बहुतेक सामूहिक गायन एकस्वरी असते. बुवा किंवा शाहीर ओळ म्हणतो, आणि मागचे सगळे तीच चाल उचलतात. पाश्चात्य वृंदगानात मात्र गायकांचे आवाजाच्या पट्टीनुसार सामान्यतः चार गट केलेले असतात: स्त्रियांच्या उंच आवाजाचा सोप्रानो, खालच्या आवाजाचा आल्टो, पुरुषांच्या उंच आवाजाचा टेनर आणि खर्जातील आवाजाचा बास. प्रत्येक गट एकाच वेळी वेगळी चाल गातो, आणि त्या चालींचे स्वर एकमेकांशी जुळून जो परिणाम घडतो त्याला स्वरमेळ म्हणतात. समोर उभा असलेला संवाहक हाताच्या खुणांनी लय, जोर आणि विराम सांभाळतो. आल्टोच्या वाट्याला पुष्कळदा फारशी गोड न वाटणारी, एकाच स्वराभोवती घोटाळणारी चाल येते. ती एकटी ऐकली तर अपुरी वाटेल, परंतु ती काढून घेतली की सगळी रचना पोकळ होते.

या गायनातील एक साधे तंत्र येथे मुद्दाम सांगण्यासारखे आहे. एखादा दीर्घ स्वर कोणाही एका गायकाच्या दमात मावत नाही, म्हणून गायक आळीपाळीने श्वास घेतात. शेजारचा श्वास घेत असेल तेव्हा आपण स्वर धरून ठेवायचा, आपला दम संपत आला की शब्दाच्या मधोमध हळूच थांबायचे, श्वास घ्यायचा आणि कोणाच्या कानावर येणार नाही इतक्या अलगद पुन्हा स्वरात शिरायचे. श्रोत्याला मिनिटभर न तुटलेला स्वर ऐकू येतो, आणि त्या मिनिटात प्रत्येक गायक कधी ना कधी गप्प झालेला असतो. सरावाच्या पहिल्या काही आठवड्यांत नवे गायक याच ठिकाणी अडतात, कारण आपण थांबलो तर उघडे पडू ही भीती सहजी जात नाही. घरी, कचेरीत, नातेवाइकांत स्वतःविषयी सतत सावध राहावे लागणाऱ्या माणसाला हे तंत्र शिकताना काय मिळत असेल, हे वृंदगानाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. तरी अशा वृंदांची संख्या जगभर वाढत गेली त्यामागे हे एक कारण निश्चितच असावे.

या चळवळीचा उगम अमेरिकेतील. सॅन फ्रान्सिस्को शहरात जॉन सिम्स यांनी १९७८ च्या ऑक्टोबरअखेरीस समलिंगी पुरुषांचा गायकवृंद जमवला आणि सराव सुरू केला. त्याला महिनाही झाला नव्हता, तोच २७ नोव्हेंबर रोजी शहराचे महापौर जॉर्ज मॉस्कोनी आणि आपली समलिंगी ओळख उघडपणे सांगून निवडून आलेले नगरप्रतिनिधी हार्वी मिल्क यांची नगरभवनात गोळ्या घालून हत्या झाली. त्या रात्री हजारो लोक मेणबत्त्या घेऊन नगरभवनापर्यंत चालत गेले, आणि या नवख्या वृंदाने त्या इमारतीच्या पायऱ्यांवर उभे राहून मेंडेल्सन या जर्मन संगीतकाराचे एक प्रार्थनागीत गायले. वृंदाचा पहिला जाहीर कार्यक्रम तो हाच. समलिंगी हा शब्द आपल्या नावात उघडपणे धारण करणारा हा पहिल्या काही वृंदांपैकी एक होता, आणि त्याचा पहिला स्वर शोकसभेत लागला, याचा ठसा पुढच्या सगळ्या वाटचालीवर राहिला. १९८२ मध्ये अमेरिकेतील अशा वृंदांची ‘गाला कोरसेस’ ही मध्यवर्ती संघटना स्थापन झाली. त्यानंतरच्या वर्षांत एड्सच्या साथीने सॅन फ्रान्सिस्कोच्या वृंदातले तीनशेहून अधिक गायक नेले. सरावाला एकेक खुर्ची रिकामी होत गेली, नवे गायक त्या जागी येत गेले आणि अंत्यविधींत गाणे हे वृंदाचे नित्याचे काम होऊन बसले. ज्यांच्या कुटुंबांनी पाठ फिरवली होती त्यांच्या शेवटच्या निरोपाला वृंदातील सोबती उभे राहिले. वृंद हेच कुटुंब, ही भावना तेथे अनुभवातून आली.

लंडनचा ‘पिंक सिंगर्स’ १९८३ मध्ये मार्क बन्यन यांनी स्थापन केला, तो त्या वर्षीच्या प्राइड मोर्चात, म्हणजे समलिंगी समुदायाच्या स्वाभिमान यात्रेत, गाण्यासाठी. पुढे ही तात्पुरती जुळवाजुळव कायमची झाली, स्त्रियाही वृंदात आल्या, आणि आज तो युरोपातील अखंड चालत आलेला सर्वांत जुना एलजीबीटी गायकवृंद मानला जातो. त्याच्या पहिल्या वीस वर्षांतला ब्रिटनचा कायदाही सोयीचा नव्हता. इंग्लंड आणि वेल्समध्ये प्रौढ पुरुषांमधील खासगी संबंध १९६७ मध्ये अंशतः गुन्ह्याच्या कक्षेबाहेर आले होते हे खरे. परंतु १९८८ मध्ये ‘कलम २८’ या नावाने ओळखली जाणारी तरतूद आली आणि तिने स्थानिक स्वराज्य संस्थांना समलिंगी जीवनाचा ‘प्रसार’ करण्यास मनाई केली. शाळा आणि ग्रंथालये यांवर या तरतुदीची छाया स्कॉटलंडमध्ये २००० पर्यंत आणि इंग्लंड व वेल्समध्ये २००३ पर्यंत राहिली. म्हणजे २०१८ मध्ये मुंबईला आलेला वृंद स्वतः प्रतिकूल कायद्याखाली गात गात मोठा झालेला होता, आणि परदेशी पाहुण्याच्या शब्दाला वजन येते ते अशा पूर्वानुभवाने.

मुंबईत या गाण्याची पार्श्वभूमी दीर्घ आहे. अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक सुरू केले, १९९४ मध्ये हमसफर ट्रस्टची स्थापना झाली, आणि १६ ऑगस्ट २००८ रोजी ऑगस्ट क्रांती मैदानावरून ‘क्विअर आझादी’ नावाने पहिली मोठी स्वाभिमान यात्रा निघाली. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट उभा केला आणि मराठीतून लैंगिकतेवर सोपी, नेमकी पुस्तके लिहिली. मराठी वाचकावर त्यांचे मोठे ऋण आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी प्रौढांमधील संमतीच्या संबंधांपुरते कलम ३७७ निष्प्रभ केले, आणि ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. चार वर्षे कायद्याने नागरिक म्हणून वावरलेली माणसे एका सकाळी पुन्हा गुन्हेगार ठरली. त्यानंतरच्या वर्षी, २०१४ मध्ये, विनोध फिलिप यांच्या पुढाकाराने ‘रेनबो व्हॉइसेस मुंबई’ उभा राहिला. निराशेच्या काळात लोक मोर्चे काढतात, न्यायालयात फेरविचाराचे अर्ज करतात. या लोकांनी त्याबरोबर स्वरांची तालीमही सुरू केली.

मुंबईला पाश्चात्य पद्धतीच्या वृंदगानाची सवय त्याआधीपासून होती, हेही या वृंदाला उपयोगी पडले असणार. गोवा आणि वसई-मुंबईच्या चर्चमधील गायकवृंद तर पिढ्यान्‌पिढ्यांचे. शिवाय व्हिक्टर परांजोती यांच्या नावाने चालणारा परांजोती अकादमी कोरस हा वृंद कूमी वाडिया यांच्या संवाहनाखाली अनेक दशके गात आला आणि भारतीय लोकगीतांनाही त्याने चार स्वरगटांत बांधले. भारतीय चाल स्वरमेळात बसवताना रागाचा गाभा न बिघडवणे हे कठीण काम असते, कारण खालून लावलेला एखादा स्वर रागाला वर्ज्य असेल तर सगळी रचना परकी वाटू लागते. मुंबईकर संगीतकारांनी या अडचणीवर बरीच मेहनत घेतलेली होती.

जानेवारी २०१८ च्या भेटीचे महत्त्व कळण्यासाठी तेव्हाची न्यायालयीन स्थितीही पाहावी लागते. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल ऑगस्ट २०१७ मध्ये लागला होता, आणि ८ जानेवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या निकालाचा फेरविचार मोठ्या पीठाने करावा असे सांगितले. या खटल्यातले पहिले याचिकाकर्ते नवतेजसिंग जोहर हे स्वतः भरतनाट्यम नर्तक. कलेच्या क्षेत्रातला माणूस न्यायालयाच्या दारात उभा होता. अशा अधांतरी काळात लंडनचे गायक मुंबईत आले. ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने प्रौढांमधील संमतीचे संबंध गुन्हा नाहीत असा निकाल दिला, त्याचे श्रेय अर्थातच गाण्याला नाही. ते याचिकाकर्त्यांना, त्यांच्या वकिलांना आणि २००१ पासून ही लढाई लढणाऱ्या नाझ फाउंडेशनसारख्या संस्थांना आहे. गाण्याने निकाल बदलत नाहीत. निकालाची वाट पाहणाऱ्या माणसांना तेवढा काळ तग धरता यावा, एवढे मात्र गाणे करू शकते, आणि तेही थोडे नाही.

ब्रिटिश वृंदानेच मुंबईत येण्याला आणखी एक अर्थ होता. कलम ३७७ ब्रिटिशांनी १८६० च्या दंडसंहितेतून येथे आणले, आणि जवळपास तोच मजकूर त्यांच्या आशिया-आफ्रिकेतील अनेक वसाहतींत गेला. समलिंगी संबंध हे पाश्चात्यांचे खूळ आहे असे येथे हिरिरीने सांगणारे लोक ज्या कायद्याचा आधार घेत होते, तो कायदाच पाश्चात्य होता. ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी एप्रिल २०१८ मध्ये राष्ट्रकुल परिषदेच्या वेळी या वसाहतकालीन कायद्यांबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. सरकारचा खेद तीन महिन्यांनी आला. नागरिकांचा वृंद त्याआधीच येऊन यजमानांच्या शेजारी उभा राहिला होता.

शेजारी उभे राहणे हा यातला खरा मुद्दा आहे, आणि दोन परदेशी उदाहरणांशी ताडून पाहिले तर तो अधिक उलगडतो. रशियाने जून २०१३ मध्ये अल्पवयीनांपुढे समलिंगी संबंधांच्या ‘प्रचारा’ला बंदी घातली, तेव्हा ऑक्टोबरमध्ये स्वीडनमधील मोठा समुदाय स्टॉकहोमच्या जुन्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये जमला, इंद्रधनुषी रंग धारण करून त्याने रशियाचेच राष्ट्रगीत रशियन भाषेत गायले, आणि त्याचे चित्रीकरण जगभर पाहिले गेले. शिवीगाळ न करता त्या देशाच्या राष्ट्रगीतातूनच त्याच्या नागरिकांना हाक देण्याची ही कल्पना उदार होती. तथापि, ज्यांच्यासाठी ते गायले गेले ते लोक त्या मैदानात नव्हते, आणि चित्रीकरण संपल्यावर गाणारे घरी गेले. याउलट जून २०१५ मध्ये बॉस्टनच्या समलिंगी पुरुषांच्या वृंदाने इस्तंबूलमध्ये गायचे ठरवले. ठरलेल्या नाट्यगृहाने विरोधानंतर कार्यक्रम रद्द केला, तेव्हा बोआझिची विद्यापीठाने आपल्या आवारात जागा दिली आणि तेथे मोठा समुदाय लोटला. दुसऱ्याच दिवशी तेथील स्वाभिमान यात्रेवर पोलिसांनी पाण्याचे फवारे सोडले. पाहुणे परत गेले, यजमानांना मात्र त्याच शहरात राहायचे होते. परदेशी पाठिंब्याची ही जोखीम कोणत्याही सदिच्छेने पुसली जात नाही: टाळ्या पाहुण्याला मिळतात आणि सूड यजमानाच्या वाट्याला येतो. म्हणूनच कोठे, केव्हा, किती उघडपणे गायचे हे ठरवण्याचा अधिकार यजमान वृंदाकडे असला पाहिजे. मुंबईची भेट अधिक निकोप ठरली ती यामुळे, की तेथे चार वर्षे स्वतःच्या पायावर उभा असलेला स्थानिक वृंद होता, आणि पाहुणे त्याच्या साथीला आले.

मुंबईत हे घडत असतानाच यवतमाळचे नाव राज्यभरातील वृत्तपत्रांत झळकत होते. अमेरिकेत नोकरी करणारा एक यवतमाळकर तरुण आणि त्याचा परदेशी जोडीदार यांनी ३० डिसेंबर २०१७ रोजी यवतमाळ शहरातील एका हॉटेलात, आप्तेष्टांच्या साक्षीने विवाहसोहळा केला, आणि जानेवारीत त्याची बातमी सर्वत्र पसरली. या विवाहाला भारतीय कायद्यात मान्यता नव्हती, आजही नाही. कलम ३७७ तेव्हा लागू होते. तरीही कापसाच्या या जिल्ह्यात, जेथून मुंबईची गाडी पकडायलासुद्धा बहुतेकांना धामणगाव गाठावे लागते, काही कुटुंबीय आणि मित्र त्या दोघांच्या शेजारी उभे राहिले. वृंदगानाच्या संदर्भात ही घटना आठवण्याचे कारण असे, की पाठिंबा ‘परदेशातून’ येतो तेव्हा तो नेहमी परक्यांकडूनच येतो असे नाही. परदेशी स्थायिक झालेली मराठी मुले-मुली आपल्याबरोबर तिकडचा मोकळा श्वास घेऊन गावी येतात, आणि त्यांच्या आईवडिलांपुढे, काका-मावश्यांपुढे जो प्रश्न उभा राहतो त्याचे उत्तर कोणतेही न्यायालय देऊ शकत नाही.

आता कायद्याची बाजू बदलली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३७७ ची तरतूद उरलेली नाही. समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास मात्र सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नकार दिला आणि तो विषय संसदेचा असल्याचे सांगितले. तरी गुन्हेगारीचा शिक्का पुसला गेल्यामुळे यापुढे बाहेरून येणाऱ्या वृंदांचे काम धैर्य देण्यापेक्षा कौशल्य देण्याचे अधिक असायला हवे. मराठीत, त्यातही वऱ्हाडी बोलीत, चार स्वरगटांसाठी बांधलेल्या रचना फारच थोड्या आहेत. चाल चार स्वरगटांत कशी बांधावी, पुरुषांचा आवाज असलेल्या पारलिंगी स्त्रीला आल्टोत बसवावे की टेनरमध्ये, आणि हे तिला विचारून कसे ठरवावे, याचा अनुभव लंडन आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या संवाहकांकडे आहे. कित्येक वृंदांनी तर आता स्त्री-पुरुष अशी विभागणीच सोडून केवळ ‘उंच स्वर’ आणि ‘खालचे स्वर’ अशी नावे स्वीकारली आहेत.

यवतमाळहून मुंबई साडेसहाशे किलोमीटरहून दूर आहे, आणि आठवड्याच्या तालमीसाठी तेवढा प्रवास कोणी करू शकत नाही. नागपूर त्या मानाने जवळ. तेथे सारथी ट्रस्टसारखी संस्था समुदायात काम करते आणि गेल्या दशकापासून स्वाभिमान यात्राही निघू लागल्या आहेत. वृंद सुरू करण्यासाठी शंभर माणसे लागत नाहीत. चार स्वरगटांत प्रत्येकी तीन म्हणजे बारा गळे पुरतात, एक पेटी, पट्टी धरून देणारा एक जाणकार, आणि आठवड्यातून एक संध्याकाळ. यवतमाळ, वणी, पुसद, दारव्हा या गावांत भजनी मंडळांमुळे पेट्याही आहेत आणि पट्टी ओळखणारे कानही आहेत. अडचण आहे ती अशा तालमीसाठी आपली खोली निर्धास्तपणे देणारा, आणि गाणाऱ्यांची नावे गावात न मिरवणारा घरमालक मिळण्याची.